हुंगलेली कोठी

डाळीची फोडणी करपली तेव्हा सगुणाबाई चुलीपासून हातभर अंतरावर बसून तांदूळ निवडत होती. मोहरीचा कोळसा झाला, हिंग जळून गेला, तरी तिची मान सुपातून वर झाली नाही. अंगणात धुणं वाळत घालणारी सून, दुर्गा, नाकाला पदर लावून धावत आत आली.

"आत्याबाई, जळतंय ना! केवढा धुआँ झालाय!"

तिनं पातेलं खाली उतरवलं आणि उलट्या पावली मोरीकडे पळाली. तिथं ती ओकतच राहिली. सगुणाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवत मनातल्या मनात दिवस मोजले आणि तिला हसू फुटलं. दोन महिने उलटले होते. ही पोरगी बोलली नव्हती, पण आता बोलायला काही उरलंच नव्हतं.

दुर्गाला अंथरूण घालून दिल्यावर मात्र ती स्वयंपाकघरात परत आली आणि उभी राहिली. सून अंगणातून धावत आली, आणि मी चुलीपुढं बसून होते. तिनं हिंगाची डबी उघडली आणि नाकाला लावली. मग चिमूटभर जिभेवर घेतला. जिभेला हिंग होता, नाकाला काहीच नव्हतं. तिनं डबीचं झाकण घट्ट लावलं आणि फळीवर अगदी मागं सारून ठेवलं.

सर्दी असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. माघाची थंडी होती, कोणालाही सर्दी व्हावी. पण नाक कोरडं ठणठणीत होतं हे तिलाही कळत होतं.

धारहून इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची वस्ती. नाव पागा. संस्थानच्या काळात इथं घोडी बांधलेली असत, आणि घोड्यांच्या मागून देशावरून आलेली वीस-बावीस मराठी घरं होती. घोडी गेली, संस्थान गेलं, घरं राहिली. नाल ठोकणारे आणि खोगीर शिवणारे लोक दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाऊ लागले. मग पीथमपूरला कारखाने उभे राहिले आणि त्यांची रसायनांची रिकामी लोखंडी पिंपं गाडेच्या गाडे भरून बाहेर पडू लागली. लोकांनी ती हौसेनं घरी नेली, पाणी भरायला. सगुणाबाईच्या नवऱ्यानंही, संताजीनंही, एक आणलं. "पिंपाला लसणाचा वास येतोय, जनावरांना यातलं पाजू नका," असं ती ओरडून सांगत होती, पण बायकोच्या नाकावर विश्वास ठेवील तो संताजी कसला. एका दुपारी दोन्ही म्हशी तोंडाला फेस येऊन दावणीतच आडव्या झाल्या.

त्या म्हशींवरून समिती निघाली. कचेरीतून पेन्शनीत निघालेले बापूसाहेब पुढं झाले. म्हणाले, पिंपं फुकट येतात, हात आपल्याकडे आहेत, घणाची सवय आपल्या रक्तात आहे. पिंपं आणायची, आत कडबा पेटवून जाळायची, सोड्याच्या हौदात धुवायची, कापायची, आणि झाकणाच्या धान्यकोठ्या करून विकायच्या. आणि पहिला नियम असा, की सगुणाबाईनं हुंगल्याशिवाय पिंपाला छिन्नी लावायची नाही.

संताजी पुढं छातीच्या दुखण्यानं गेला. सगुणाबाई त्याच्या जागी समितीत आली ती आधी हौदावर. सोड्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून पिंपं घासायची. तळहाताची सालपटं निघत, नखं मऊ पडत, भाकरी थापताना पिठाला रक्त लागे. मग हुंगायचं काम वाढलं आणि बापूसाहेबांनी कडुनिंबाखाली आपल्या घरची लोखंडी खुर्ची आणून ठेवली. खुर्चीच्या डाव्या बाजूला चुन्याचा वाडगा, उजव्या बाजूला गेरूचा. चांगल्या पिंपाला चुन्याचं वर्तुळ, विषारी पिंपाला गेरूची फुली. लाल पिंपं डांबर भरायला रस्त्याच्या ठेकेदाराकडे जात. पागेत बाईमाणसाला खुर्ची मिळाली ती पहिल्यांदाच, आणि पुरुष तिच्या बोटाकडे बघत उभे राहू लागले. ती मिरवत होती असं नाही. पण त्या खुर्चीत बसताना ती पदर नीट करून बसायची, आणि घरी आल्यावरही तिची मान तशीच ताठ असायची.

आणि आता चार वर्षं पिंपात घालून घालून ते नाकच गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भगवंतानं पहिलं पिंप गडगडत आणून तिच्यापुढं उभं केलं. भगवंत कापणाऱ्यांचा मुकादम, संताजीचा चुलतपुतण्या, तोंडाळ पण मनाचा साधा. त्यानं बूच काढलं. सगुणाबाई वाकली, डोळे मिटले, श्वास ओढला. नुसती थंड हवा आत गेली. तिनं पिंपाचा गंज पाहिला, बुचाभोवतीचा ओघळ पाहिला, पुसट झालेली अक्षरं पाहिली, जी तिला वाचता येत नव्हती. मग तिनं गेरूत बोट बुडवलं.

चूक झाली तर या बाजूनं व्हावी, एवढाच तिचा हिशेब होता. संध्याकाळपर्यंत नवांतली सहा पिंपं लाल झाली.

"काकी," भगवंत म्हणाला, "नवांत सहा लाल? मग मी कापू काय? घरी बसून टोपल्या विणू का?"

बाकीचे हसले. तीही हसली. असं आठ-दहा दिवस चाललं, तेव्हा बापूसाहेब छत्री टेकत आले. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळं त्यांच्यापुढं नाही म्हणणं फार अवघड जाई.

"सगुणाबाई, अखातीच्या, अक्षय्य तृतीयेच्या आत बदनावरच्या व्यापाऱ्यास एकशेवीस कोठ्या द्यावयाच्या आहेत. यंदा गहू बरा आहे, सोयाबीनचं बी ठेवायलाही लोक कोठी मागतात. तो म्हणतो, दुसरी कोणतीही नको, पागेची हुंगलेलीच कोठी द्या. तुमच्या नाकावर हे सगळं उभं आहे. जरा बघा."

"बघते, बापूसाहेब."

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण समोर हौदावर दोन बायका सोड्यात हात घालून पिंप घासत होत्या, आणि त्यांतली एक हात वर काढून बोटांच्या भेगांवर फुंकर घालत होती. सगुणाबाईनं नजर वळवली आणि पुढच्या पिंपाला चुना लावला. त्याच्या पुढच्यालाही लावला.

दुपारी दुर्गा डबा घेऊन आली. ती देवासची. माहेर मराठीच, पण शाळा हिंदी, त्यामुळं मराठी बोलताना अडखळायची आणि घरातली पोथी वाचली तरी तिला कळायची नाही. वस्तीतल्या बायका तिच्या बोलण्याची नक्कल करत आणि सगुणाबाईही कधीकधी हसे. ती चुना लावलेल्या पिंपाजवळून गेली आणि एकदम थांबली. डबा खाली ठेवून तिनं तोंडावर हात दाबला.

"आत्याबाई, इथं लसूण कोणी सोलला? इतका सारा?"

"कुठं?"

"ह्यात." तिनं पिंपाकडे बोट केलं आणि निंबामागं जाऊन ओकली.

भगवंत पाठमोरा होता. तिनं ओल्या तळहातानं चुन्याचं वर्तुळ पुसलं आणि त्यावर गेरूची जाड फुली मारली. दोन म्हशी तिच्या डोळ्यांपुढं आल्या, आणि त्यांच्या जागी बदनावरकडचं कुठलं तरी घर, कोठीतून दळणाला गहू काढणारी कुठली तरी बाई.

घरी परतताना तिनं सुनेला म्हटलं, "उद्यापासून डबा घेऊन तूच ये. चालणं बरं असतं अशा दिवसांत."

असं ते सुरू झालं. डबा आणायचा, सासू जेवेपर्यंत थांबायचं, मग "जरा त्या पिंपामागं माझं तांब्या-भांडं आहे का बघ" असं सांगून तिला रांगेतून फिरवायचं. पोटुशी बाईचं नाक किती तिखट असतं हे सगुणाबाईला ठाऊक होतं. मुलाच्या वेळेस तिचं स्वतःचं इतकं तिखट झालं होतं की पलीकडच्या घरी दूध उतू गेलं तरी तिला इथं मळमळे. जिथं ती तोंड फिरवी तिथं गेरू, जिथून सरळ जाई तिथं चुना. सगुणाबाई सकाळभर वाकून वाकून हुंगल्यासारखं करी आणि खुणा मात्र दुपारच्या जेवणानंतर करी. भगवंताला ती म्हणाली, पोटात अन्न गेलं की नाक उघडतं. त्यानं ते खरं मानलं.

पाचव्या दिवशी दुर्गानं डबा उघडता उघडता विचारलं, "तुम्हाला वास येत नाही ना, आत्याबाई?"

सगुणाबाईनं हातातला घास डब्यात परत ठेवला.

"मी काल घरी रॉकेल सांडवलं," दुर्गा हळू आवाजात म्हणाली. "मुद्दाम. तुम्ही तिथंच बसून होतात."

सगुणाबाईला राग यायला हवा होता. त्याऐवजी डोळ्यांत पाणी आलं. सून आपली परीक्षा घेते आणि आपण नापास होतो, याच्याइतकी शरमेची गोष्ट तिला आजवर ठाऊक नव्हती.

"कोणाला बोलू नको, दुर्गा. शरदलासुद्धा नको." शरद तिचा मुलगा. पीथमपूरला पाळीवर जायचा.

"नाही बोलणार." दुर्गा डब्याकडे बघत राहिली. "मी बरोबर सांगते ना पण? एक तरी गलत निघालं का?"

"एकही नाही."

दुर्गा हसली. लग्न होऊन आल्यापासून तिला कोणी कशाबद्दलही विचारलं नव्हतं. आता सासू तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि सासूच्या बोटाकडे सगळी समिती. तेव्हापासून तिला फिरवायची गरज पडेना. ती आपणहून वाकू लागली.

फाल्गुन गेला. उन्हं चढली, पत्रे तापू लागले, आणि तापलेल्या पिंपांतून वासही जास्त उठू लागला असणार. दुर्गाचं डोकं दुखे. दुपारनंतर ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसे. सगुणाबाई तिला तूप घालून पेज देई, पाय दाबून देई, सासूनं सुनेचे पाय दाबू नयेत हे माहीत असूनही. चोरओटी भरली तेव्हा वस्तीतल्या बायका म्हणाल्या, "सगुणाबाई, सुनेचे काय लाड चाललेत!" तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण ते पाय का दाबतोय हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी रोज दुपारी ती रस्त्याकडे डोळे लावून सुनेची वाट बघत होती.

पाडव्यानंतर दुर्गाच्या तोंडावरची रया गेली. एक दिवस ती पाण्याची घागर उचलताना खालीच बसली. सगुणाबाईनं त्याच क्षणी ठरवलं. "उद्यापासून यायचं नाही. देवाशपथ, पाऊल टाकायचं नाही तिकडं."

"मग तुम्ही?"

"माझं मी बघते."

दुसऱ्या दिवशी नेमका मोठा ट्रक आला. तीस पिंपं उतरली. शेवटच्या चाळीस कोठ्या राहिल्या होत्या, त्यामुळं बापूसाहेब स्वतः येऊन निंबाखाली उभे राहिले. भगवंतानं एकेक बूच काढत आणलं. सगुणाबाई वाकली, उठली, आणि गेरू लावला. दुसऱ्याला गेरू. तिसऱ्याला गेरू. आठव्या पिंपाला भगवंतानं हातातला घण जमिनीवर टाकला.

"बस्स झालं, काकी! आता हे तर साधं तेलाचं आहे. मला कळतंय, तुम्हाला कळत नाही?"

घण चालवणारे थांबले. हौदावरच्या बायका वर बघू लागल्या.

"सगुणाबाई," बापूसाहेब म्हणाले, "काय होत आहे?"

तिनं तोंड उघडलं. आता सांगते, असं तिनं खरोखरच ठरवलं होतं. आणि तेवढ्यात रस्त्यावरून, डोक्यावर पदर, हातात डबा, दुर्गा येताना दिसली. घामानं निथळत होती. तिनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि तिला सगळं समजलं.

"आत्याबाईंना ताप आहे कालपासून," ती बापूसाहेबांना म्हणाली. "नाक बंद आहे त्यांचं. त्यांनी मला शिकवलंय. आज मी बघते."

"तुला जमेल?"

"जमेल."

ती पहिल्या पिंपावर वाकली. सगुणाबाई खुर्चीत होती. तिला उठता आलं असतं, सुनेचा दंड धरून ओढता आलं असतं, ओरडता आलं असतं. तिनं काहीच केलं नाही. आपली लाज झाकली गेली म्हणून तिला क्षणभर बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची आठवण तिला जन्मभर पुरणार होती.

दुर्गा तीसच्या तीस पिंपांवर वाकली. दर पिंपाला म्हणे, "चुना." "चुना." "गेरू, आत्याबाई." अठराव्या पिंपापाशी तिनं कड धरून ठेवली. चोविसाव्याशी ओकली, तोंड धुतलं, परत आली. भगवंतसुद्धा म्हणाला, "भाभी, राहू दे थोडं." ती थांबली नाही. शेवटचं पिंप संपवून ती वळली, दोन पावलं चालली आणि पोट धरून चुन्याच्या वाडग्यावर पडली. वाडगा उलटला. पांढऱ्या चुन्यात लाल ओघळ उतरला तो गेरूचा नव्हता.

कोठ्या न्यायला आलेल्या टेम्पोतच तिला धारला नेलं. कोठ्यांच्या मधल्या जागेत सगुणाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक खड्ड्याला पत्रे वाजत होते आणि दुर्गा म्हणत होती, "सगळी बरोबर सांगितली मी. एक पण गलत नाही."

मुलगा होता. साडेचार महिन्यांचा. नर्सबाई म्हणाली, पहिलटकरणीला होतं असं कधीकधी, कारण काही सांगता येत नाही. शरद पाळी सोडून आला, भिंतीकडे तोंड करून रडला आणि आईला म्हणाला, "तू किती जपलंस तिला, आई." कोणी सगुणाबाईला बोल लावला नाही. तिनं वाट पाहिली, पण कोणीच लावला नाही.

दहाव्या दिवशी ती समितीवर गेली आणि खुर्चीजवळ उभी राहून सगळ्यांसमोर बोलली.

"मला वास येत नाही. माघापासून येत नाही. ती पिंपं मी हुंगली नाहीत, माझ्या सुनेनं हुंगली. पोटुशी होती म्हणून तिला कळत होतं, आणि मी तिला रोज आणत होते."

भगवंतानं मान खाली घातली. बापूसाहेब बराच वेळ छत्रीची मूठ चोळत राहिले.

"हे बाहेर बोलू नका," ते शेवटी म्हणाले. "नाव जाईल. वीस घरं आहेत या नावावर." मग जरा थांबून, तसंच हळू आवाजात म्हणाले, "सूनबाईंचं नाक तर चांगलं आहे म्हणता. पंधरा-वीस कोठ्याच राहिल्या आहेत. आता सूनबाई मोकळ्या झाल्या आहेत. पाठवाल का त्यांना?"

मोकळ्या. सगुणाबाईला वाटलं, गेरूचा वाडगा उचलून या माणसाच्या पांढऱ्या धोतरावर फेकावा. "मेले तरी पाठवणार नाही," ती म्हणाली, पदर खोचला, आणि हौदावर जाऊन सोड्यात हात घातले. तिच्या जागेसाठी तिथं कोणी सरकलंही नाही. तिनंच दोन बायकांच्या मधून वाट काढली.

पण बापूसाहेब त्याच संध्याकाळी घरी येऊन गेले, आणि आठवड्यानंतर, अंगात जरा ताकद आली तशी, दुर्गा आपल्या पायांनी आली. सगुणाबाईनं तिला हात जोडले. दुर्गा तिला वळसा घालून खुर्चीत जाऊन बसली. भगवंतानं बूच काढलं. ती वाकली, उठली आणि म्हणाली, "चुना." आता ते ती स्वतःच्या बोटानं लावत होती.

आठ दिवस ती बसली. सगुणाबाई हौदातून बघत राही. पोरगी नीट बसायची, पदर सारखा करायची, पुरुष तिच्या बोटाकडे बघत उभे राहायचे. गेरू एकदाही लागला नाही. माल चांगला आलाय, असं भगवंत म्हणे. अखातीच्या चार दिवस आधी शेवटच्या वीस कोठ्या टेम्पोत चढल्या, बापूसाहेबांनी नारळ फोडला, आणि दुपारी टेम्पो बदनावरच्या वाटेला लागला.

त्या संध्याकाळी सगुणाबाई ओसरीत बसून फुटलेल्या तळहातांना तेल चोळत होती. उंबऱ्याच्या आत दुर्गा चुलीपुढं, गुडघ्यावर हनुवटी टेकून, जाळाकडे बघत बसली होती. वर डाळ होती. बाहेरून शरद आला आणि दारातूनच ओरडला.

"काय जळतंय? अरे, घरभर वास सुटलाय, तुम्हा दोघींना काही कळतं की नाही?"

त्यानं पातेलं खाली ओढलं. तळाला डाळीचा काळा थर धरला होता. दुर्गानं सासूकडे पाहिलं. ती नजर सगुणाबाईला ओळखीची होती. हिंगाची डबी झाकताना तिची स्वतःची तीच नजर झाली असणार.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दवाखान्यातून आले तेव्हापासून." दुर्गाचा आवाज अगदी सपाट होता. "पहिल्या दिवसापासूनच नव्हता येत, आत्याबाई."

"मग बसलीस कशाला? अगं, मग बसलीस कशाला तिथं?"

"इथं सगळे मला बिचारी म्हणतात. तिथं कोणी म्हणत नव्हतं."

शरद एकीकडून दुसरीकडे बघत राहिला. सगुणाबाई उठली, तिनं चपला पायांत सरकवल्या आणि बाहेर पडली. समितीच्या आवारात कोणी नव्हतं. खुर्चीच्या उजव्या बाजूचा गेरूचा वाडगा तिनं उचलला. आठ दिवसांत वापर नसल्यामुळं तो वाळून भेगाळला होता. तिनं रांजणातलं पाणी त्यात ओतलं आणि फुटलेल्या बोटांनी कालवायला सुरुवात केली. मागं पावलं वाजली. दुर्गा येऊन उभी राहिली होती.

"वीस आहेत," दुर्गा म्हणाली. "मला ओळखता येतील त्या. मीच खूण केलीय."

दोघी सडकेवर आल्या. नाक्यावरचा पानवाला पत्रे लावत होता. सगुणाबाईनं त्याला बदनावरच्या गाडीचं विचारलं.

"वो तो गई, बाई. अब सुबे मिलेगी."

सगुणाबाईनं वाडगा मांडीवर घेतला आणि मैलाच्या दगडाला टेकून बसली. दुर्गा तिच्या शेजारी बसली. गेरू पुन्हा वाळू नये म्हणून सगुणाबाई तो अधूनमधून बोटानं ढवळत होती.